हायड्रोजनच्या गाडीला लोक घाबरतात का?

हायड्रोजनवर चालणारी वाहने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात हायड्रोजन पेट्रोलसारखाच इंजिनात जाळला जातो. दुसऱ्या प्रकारात तो जळत नाही. फ्युएल सेल, म्हणजे इंधन घट, नावाच्या संचात हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, त्यातून वीज तयार होते आणि त्या विजेवर मोटर फिरते. मागच्या नळीतून बाहेर पडते ते फक्त पाणी आणि वाफ. टोयोटाने डिसेंबर २०१४ मध्ये जपानात विक्रीला आणलेली 'मिराई' ही मोटार या दुसऱ्या प्रकारातली. जपानीत 'मिराई' म्हणजे भविष्यकाळ. तिची टाकी पाचेक मिनिटांत भरते आणि नव्या आवृत्तीत एका टाकीवर सहाशे किलोमीटरच्या पुढे जाता येते. कागदावर या गाडीला नावे ठेवायला फारशी जागा नाही. तरीही दहा वर्षांत हायड्रोजनच्या मोटारी जगाच्या रस्त्यांवर नगण्यच राहिल्या, आणि त्याचे खापर बहुतेक वेळा लोकांच्या भीतीवर फोडले जाते.

हे खरे आहे का, यावर दोन भूमिका समोरासमोर येतात. एक समर्थकाची, दुसरी साशंकाची. हवा स्वच्छ व्हावी आणि खनिज तेलावरचे अवलंबन कमी व्हावे, याबद्दल दोघांत मतभेद नाही.

समर्थक : 'हायड्रोजन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक हायड्रोजन बॉम्बचे आणि दुसरे 'हिंडेनबर्ग' या जळत्या हवाई जहाजाचे. पहिल्या चित्राचा मोटारीशी काडीचा संबंध नाही. बॉम्बमध्ये अणूंची केंद्रके एकमेकांत विलीन होतात. टाकीतला वायू पेटला तर ती साधी रासायनिक आग असते, गॅस पेटावा तशी. दुसऱ्या चित्राला जवळजवळ नव्वद वर्षे होत आली. दोन्ही गैरसमज शाळेच्या पुस्तकाने दूर होण्यासारखे आहेत.

हिंडेनबर्गची घटना थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, लेकहर्स्ट येथे उतरताना हे जर्मन हवाई जहाज पेटले आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात जमिनीवर कोसळले. आत ९७ माणसे होती. त्यांतली ६२ वाचली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या दिवशी तिथे वृत्तपटांचे कॅमेरे हजर होते आणि हर्बर्ट मॉरिसन हा निवेदक ध्वनिमुद्रण करत होता. त्याचा रडवेला आवाज दुसऱ्या दिवशी रेडिओवरून घरोघरी पोचला. पेट्रोलच्या आगीत त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी जास्त माणसे दगावली, पण त्या आगींचे असे चित्रण झाले नाही. एखाद्या इंधनाची भीती मृतांच्या संख्येइतकीच डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्यावर पोसली जाते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटल्याची चित्रफीत मोबाइलवरून देशभर फिरली, तेव्हा बॅटरीच्या गाड्यांच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

साशंक : हिंडेनबर्ग बाजूला ठेवा. २०१९ बद्दल बोलू. २३ मे रोजी दक्षिण कोरियातल्या गँगनंग येथे हायड्रोजनच्या टाक्यांचा स्फोट होऊन दोघे दगावले. १ जूनला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा येथे हायड्रोजन भरण्याच्या केंद्रात स्फोट झाला. १० जूनला नॉर्वेची राजधानी ऑस्लोजवळ सँडविका येथे चक्क एक हायड्रोजन पंप उडाला. तीन आठवड्यांत तीन घटना. हे वाचून कोणी बिचकला तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

सँडविकाच्या स्फोटात पंपावर कोणी भाजले नाही. हवेचा दणका मात्र इतका होता की जवळून जाणाऱ्या मोटारीतल्या एअरबॅग उघडल्या आणि त्यांचा मार बसून दोघांना दवाखान्यात न्यावे लागले. टोयोटा आणि ह्युंदाईने नॉर्वेतली फ्युएल सेल मोटारींची विक्री काही काळ थांबवली. चौकशीत जे निघाले ते हायड्रोजनच्या रसायनशास्त्रापेक्षा फिटरच्या पान्याशी जवळचे होते. उच्च दाबाच्या एका टाकीचा प्लग बसवताना बोल्ट नीट आवळलेले नव्हते. तिथून वायू झिरपत गेला आणि पेटला.

समर्थक : म्हणजे दोष जोडणीचा निघाला, वायूचा नाही. हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका आहे. गळला तर सरळ वर निघून जातो. पेट्रोल खाली सांडते, गाडीखाली पसरते आणि तिथेच जळत राहते. २००१ मध्ये मायामी विद्यापीठातल्या मायकेल स्वेन यांनी दोन मोटारी शेजारी-शेजारी उभ्या करून दोन्ही इंधनांची गळती मुद्दाम पेटवली. हायड्रोजनची ज्वाळा कारंज्यासारखी उभी राहिली आणि दीड-दोन मिनिटांत विझली. आतली आसने शाबूत राहिली. पेट्रोलची मोटार जळून खाक झाली.

साशंक : ती मोटार मोकळ्या आभाळाखाली उभी होती. आपल्याकडे गाड्या इमारतीच्या तळघरात उभ्या असतात, आणि वर निघालेला वायू तिथे स्लॅबखाली साठेल. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. त्याला लागणारी ठिणगी पेट्रोलच्या वाफेला लागणाऱ्या ठिणगीच्या दहाव्या हिश्श्याइतकी असली तरी पुरते. उन्हात त्याची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. आणि त्याला वास नाही.

वासाचा हा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण सामान्य माणसाच्या दृष्टीने तोच सर्वांत वजनदार आहे. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधल्या गॅसलाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य थोडेसे मिसळतात. पहाटे उठलेली गृहिणी 'गॅसचा वास येतोय' म्हणत आधी खिडकी उघडते, रेग्युलेटर बंद करते आणि विजेच्या बटणाला हात लावत नाही. ही घराघरांत मुरलेली सुरक्षाव्यवस्था आहे, आणि ती नाकावर उभी आहे. फ्युएल सेलच्या हायड्रोजनात गंधकाचे असे द्रव्य घालता येत नाही, कारण गंधकामुळे आतला प्लॅटिनमचा थर निकामी होतो. त्यामुळे नाकाची जागा संवेदकाने घ्यावी लागते. संवेदक नाकापेक्षा जास्त तत्पर असतो, हे खरे आहे. मात्र माणसाला स्वतःला कळणारा धोका आणि यंत्राने कळवलेला धोका यांत विश्वासाचे अंतर राहते, आणि ते अंतर माहितीपत्रके वाटून मिटत नाही.

समर्थक : दाबाखालचा वायू लोकांना नवा नाही. घरातल्या सिलिंडरचा दाब पाच-सात बार, सीएनजीचा २०० बार, हायड्रोजनच्या बसचा ३५० आणि मोटारीचा ७०० बार. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्लीतल्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, तेव्हाही 'चालते बॉम्ब' म्हणून ओरड झाली होती. सुरुवातीला काही बस पेटल्याही होत्या. २००२ अखेरपर्यंत सगळा ताफा बदलला. आज मुंबई-पुण्यात रिक्षाच्या आसनाखाली सीएनजीची टाकी असते आणि प्रवाशाच्या ते मनातही येत नाही.

साशंक : सीएनजी का रुजला, तेही सांगा. रिक्षावाल्याचे दिवसाला पैसे वाचले म्हणून रुजला. भरताना प्रवाशांना उतरवून बाजूला उभे करतात, दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट करावी लागते, पाटीवरची तारीख उलटली तर पंपावर गॅस नाकारतात. आधी पैसे वाचले आणि मग नियम अंगवळणी पडले. लोकांची समजूत कोणी घातली नाही.

इथे साशंकाचे पारडे जड आहे. सवय, बचत आणि डोळ्यांदेखत होणारी तपासणी या तीन गोष्टींनी सीएनजीची भीती घालवली.

लोकांच्या मनाचा पद्धतशीर अभ्यासही झाला आहे. २००० नंतरच्या दशकात युरोपातल्या काही शहरांत आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये हायड्रोजन बस प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. आइसलंडच्या रेकयाविकमध्ये एप्रिल २००३ मध्ये हायड्रोजनचा पंप सुरू झाला आणि पाठोपाठ बसही आल्या. त्या सुमारास लंडन, बर्लिन, लक्झेंबर्ग आणि पर्थ या चार शहरांत रहिवाशांची मते घेण्यात आली. त्यातून दिसले ते असे की, हायड्रोजनबद्दल लोकांना फारच थोडी माहिती होती, आणि तरीही बहुसंख्य लोक अनुकूल होते. तिकिटामागे थोडे जास्त पैसे मोजायचीही तयारी होती. स्फोटाच्या भीतीने बसला नकार देणारे थोडेच निघाले.

समर्थक : म्हणजे भीती आहे असे गृहीत धरून आपण उगाच एवढे मुद्दे मांडत बसलो. लोक तयार आहेत. सरकार आणि कंपन्याच मागे आहेत.

साशंक : लोक तयार आहेत ते दुसऱ्याच्या गल्लीत. लंडनच्या पूर्वेला हॉर्नचर्च येथे याच बससाठी पंप उभारायचे ठरले, तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी विरोध केला आणि परवानगीचा वाद लांबत गेला. बसच्या थांब्यावर होकार देणारा माणूस पंपाच्या कुंपणाला लागून राहत असेल तर तो वेगळे प्रश्न विचारतो. माहितीशिवाय दिलेला होकार पहिल्या स्फोटाच्या बातमीपर्यंतच टिकतो.

दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. 'हायड्रोजन चांगला का?' हा एक प्रश्न आणि 'तो इथे हवा का?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नावरचे मत बिनखर्चाचे असते. दुसऱ्यासाठी रहिवाशाला टाकी किती मोठी, टँकर कोणत्या रस्त्याने येणार, तपासणी कोण करणार आणि काही झाले तर जबाबदार कोण, हे सगळे कळावे लागते. प्रकल्प आणणाऱ्यांनी पहिल्याच प्रश्नाची टक्केवारी दाखवून दुसऱ्याची संमती गृहीत धरल्याचे पुष्कळदा दिसते. विरोधाचे बीज तिथेच पडते.

पण तिसरी एक कसोटी या दोन्हींपेक्षा कडक आहे. जो पैसे मोजून गाडी घेतो, त्याचा अनुभव. हा अनुभव मोठ्या प्रमाणावर मिळाला तो कॅलिफोर्नियात. मिराई घेणाऱ्यांना कंपनी १५ हजार डॉलरपर्यंतचे इंधन-कार्ड गाडीबरोबरच देत असे. घेणारे हौशी होते, पर्यावरणाची कळकळ असणारे होते, आणि हायड्रोजनला भिणारे तर मुळीच नव्हते.

साशंक : त्याच लोकांना आज विचारा. त्यांची तक्रार स्फोटाची नाही. पंप बंद आहे, चालू असेल तर रांग आहे, रांग संपली तर हायड्रोजन संपला आहे, आणि मिळाला तर परवडत नाही. २०२३-२४ मध्ये भाव किलोला ३६ डॉलरपर्यंत चढला. ५.६ किलोची टाकी भरायला २०० डॉलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने त्या राज्यातले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. फुकटचे कार्ड संपले की गाडी दारात उभी.

पंपावरची एक गोष्ट या ग्राहकांच्या बोलण्यात वारंवार येते. दाबाने भरताना टाकी तापू नये म्हणून हायड्रोजन उणे ४० अंशांपर्यंत थंड करून सोडतात. हवा दमट असली की नळीच्या तोंडाशी दव गोठते आणि नोझल गाडीला चिकटून बसते. भरून झाले, पैसे दिले, पण नोझल निघत नाही. बर्फ वितळेपर्यंत चालक तिथेच उभा आणि मागची रांगही उभी. पाच मिनिटांत टाकी भरते हे जाहिरातीतले वाक्य खोटे नसते. त्या पाच मिनिटांच्या आधीचा आणि नंतरचा वेळ जाहिरातीत नसतो.

समर्थक : ही बाल्यावस्थेतली दुखणी आहेत. पंप नाहीत म्हणून गाड्या खपत नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून पंप परवडत नाहीत. ही कोंडी कोणीतरी फोडावीच लागेल. पेट्रोलचे जाळेही एका दिवसात विणले गेले नाही.

साशंक : पेट्रोलला तेव्हा तोडीचा प्रतिस्पर्धी उरला नव्हता. हायड्रोजनला बॅटरी आहे. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून वेगळा करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. दाब देणे, थंड करणे हा खर्च वेगळा. त्या एका किलोवर मोटार साधारण १०० ते ११५ किलोमीटर जाते. तेवढीच वीज थेट बॅटरीत भरली तर तशीच मोटार तीनशे किलोमीटर सहज जाते. ज्याच्या घरी प्लग आहे, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

घरगुती मोटारीपुरते या आकड्यांना समर्थकाकडे उत्तर नाही, आणि ते मान्य करणेच प्रामाणिकपणाचे आहे. शिवाय आज जगात तयार होणारा जवळजवळ सगळा हायड्रोजन खनिज इंधनांपासून, मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून, बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गाडीच्या मागून वाफ निघते, हे पाहून खूश झालेल्या माणसाला हे नंतर कळले तर त्याला फसवल्यासारखे वाटते.

भारतात या विषयाला राजकीय बळ मिळाले ते केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्यामुळे. ३० मार्च २०२२ रोजी ते मिराईत बसून संसदेत गेले आणि तो फोटो सगळीकडे छापून आला. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली; २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे तिचे लक्ष्य. महाराष्ट्राचा संबंध त्याही आधीचा आहे. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर काम झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी व सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद यांनी मिळून बनवलेली बस पुण्यातच लोकांसमोर आली.

समर्थक : आपल्या लोकांत तर भीतीपेक्षा कुतूहलच जास्त आहे. सांडपाण्यापासून इंधन होईल, शेतकरी ऊर्जादाता होईल, या कल्पना गावोगाव पोचल्या आहेत.

साशंक : पोचल्या, पण 'पाण्यावर चालणारी गाडी' अशा रूपात. पाणी हे इंधन नाही. ते हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेले असते, चुलीतल्या राखेसारखे. त्यातून हायड्रोजन काढायला मिळेल त्यापेक्षा जास्त ऊर्जा घालावी लागते. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर याने पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करून गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले. १९९६ मध्ये ओहायोतल्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवली. आपल्याकडेही मायलेज वाढवणारी पाण्याची किट विकली जातात. आणि पाण्याचे म्हणाल तर लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तिथल्या माणसाला विचारा, त्याच्या वाट्याचे पाणी बससाठी देणार का.

पाण्याचा हिशेब मांडून पाहता येतो. रसायनशास्त्राप्रमाणे एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण आणि यंत्रे थंड ठेवणे धरले तर वीस-तीस लिटर. हायड्रोजन बस शंभर किलोमीटरला आठ ते दहा किलो वायू घेते. दिवसाला २०० किलोमीटर फिरणाऱ्या एका बसला म्हणजे साधारण तीनशे वीस ते सहाशे लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरच्या एका टँकरात अशा वीसेक बस दिवसभर फिरतील. उसाच्या तुलनेत हे पाणी अगदी थोडे आहे, हे खरे. पण पाणी कोणत्या गावचे, कोणत्या महिन्यात, आणि त्या गावाला बदल्यात काय, हे प्रश्न सरासरीच्या हिशेबात बसत नाहीत. मराठवाड्यातला माणूस विचारणार तो हेच.

दोघांची वाट एकत्र येते ती जड वाहनांपाशी. चाळीस टनांचा ट्रक दूरच्या पल्ल्यावर न्यायचा तर बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ दोन्ही वाढतात. ट्रक ठरलेल्या मार्गावर धावतो, ठरलेल्या डेपोत इंधन घेतो. त्यामुळे गल्लोगल्ली पंपांची गरज उरत नाही आणि चालक-मेकॅनिक प्रशिक्षित असतात. मार्च २०२५ मध्ये केंद्राने बस आणि ट्रक मिळून ३७ वाहने आणि ९ पंप यांच्या पाच प्रायोगिक प्रकल्पांसाठी सुमारे २०८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्याच आठवड्यात टाटा मोटर्सच्या १६ हायड्रोजन ट्रकांच्या चाचण्यांना सुरुवात झाली. मार्गांत मुंबई आणि पुणे आहेत.

समर्थक : इथेच हायड्रोजन स्वतःला सिद्ध करील.

साशंक : करू दे, पण आकडे उघडे ठेवून. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बस घ्यायचे ठरवले होते. जानेवारी २०२२ मध्ये महापौरांनी हिशेब लोकांपुढे ठेवला. हायड्रोजनवर किलोमीटरला ९५ सेंट, थेट विजेवर १५ सेंट. बेत रद्द झाला. कोणी घाबरले नव्हते.

माँपेलिएचा निर्णय हायड्रोजनच्या विरोधात गेला, तरी लोकांच्या विश्वासाच्या दृष्टीने तो अनुकरणीय आहे. भीती घालवण्यासाठी माहितीपत्रके छापण्यापेक्षा आपल्याकडच्या चाचण्यांत किलोमीटरमागे किती खर्च आला, वाहन किती दिवस बंद राहिले, गळतीचा इशारा किती वेळा वाजला आणि हायड्रोजन कशापासून बनवला, हे दर तिमाहीला मराठीत आणि त्या-त्या राज्याच्या भाषेत प्रसिद्ध व्हावे. पंपाशेजारच्या वस्तीला ते आधी मिळावे. २०८ कोटी रुपये लोकांचे आहेत, आणि हा हिशेब मागण्याचा त्यांना हक्क आहे.